बारा पेरं

सासूबाईंना ब्रेन हॅमरेज झालं त्याच्या चौदाव्या दिवशी, त्यांच्या पलंगाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला नवरा बसलेला असताना, मी त्याला म्हणाले, "त्या आता इथे नाहीत. आपण हे कोणासाठी लांबवतोय?"

हे वाक्य मी मराठीत बोलले, नेहमीच्या आवाजात. सासूबाईंचे डोळे उघडे होते. ते नवव्या दिवशी उघडले होते, पण कुठेच पाहत नव्हते. डॉक्टरांचं म्हणणं होतं की त्या जाग्या आहेत, पण त्यांना जाणीव आहे असं आज तरी म्हणता येत नाही. डॉक्टरांचं हे वाक्य मला पटलं होतं, कारण त्यात जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं होतं.

मी इंग्लंडात लेस्टरमध्ये पाण्याच्या मीटरची रीडिंगं तपासायचं काम करते. एखाद्या घराचं रीडिंग चमत्कारिक आलं की ते माझ्या स्क्रीनवर येतं. गळती आहे, मीटर अडकलंय, की घरात खरंच पाहुणे आलेत, ते मी ठरवते. एकोणीस वर्षं हेच करतेय. त्यामुळे दहाव्या दिवशी स्पीच थेरपिस्टने एक तक्ता पुढे केला आणि घरातलं कोणी रोज भरेल का असं विचारलं, तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

तक्ता साधा होता. रोज दहा सूचना द्यायच्या, मराठीत, कारण सासूबाईंचं इंग्रजी बसपुरतं आणि दुकानापुरतं. डोळे मिटा. माझ्याकडे बघा. हात दाबा. जीभ दाखवा. प्रत्येक सूचनेनंतर मनात वीस अंक मोजायचे आणि हो किंवा नाही लिहायचं. तळाशी एक सूचना होती: हेतू नसलेल्या हालचाली धरू नयेत.

मी तक्त्याऐवजी वही केली, कारण तक्त्यात वेळ लिहायला जागा नव्हती. सकाळची शिफ्ट संपवून रोज दुपारी दोनला वॉर्ड उघडला की मी हजर. तिथली एक नर्स केरळची होती. ती एकदा म्हणाली, "तुमच्या वहीला आमची मॅनेजर घाबरलीय. तिला वाटतंय तुम्ही तक्रार लिहिताय."

"तक्रार नाही. नुसतं काय झालं ते लिहितेय."

"तेच तर भीतीचं आहे," ती म्हणाली आणि नाकातल्या अन्नाच्या नळीची पट्टी बदलू लागली.

अकरा दिवसांत मी एकशे दहा सूचना दिल्या. हो आले सहा. थेरपिस्ट म्हणाली, इतके योगायोगानेही येतात. डॉक्टरांनी तेविसाव्या दिवशी, गुरुवारी, मीटिंग ठेवली. विषय एकच होता. नाकातली नळी कायम ठेवता येत नाही, तेव्हा आता एक तर पोटातून नळी बसवायची, नाहीतर नळीच काढायची आणि त्रास होणार नाही इतकं औषध देऊन त्यांना जाऊ द्यायचं. माझी वही मीटिंगला आणायला सांगितली होती.

सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याने ती वही उघडली.

"हे बघ, बाराव्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी. 'डोळे मिटले, पण बावीस अंकांनंतर.' हे नाही कसं?"

"वीसची मर्यादा होती."

"दोन अंकांनी आईला नापास केलंस?"

"नापास नाही रे. नियम आधी ठरलेला होता."

"बरं, हे? 'मान वळली, पण सूचना हाताची होती.' म्हणजे ऐकू आलं ना तिला!"

"किंवा मान नुसतीच वळली."

तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "सहाचे बारा कर. कोणाला कळणार आहे? तू एवढी काटेकोर आहेस की तुझ्यावर कोणी शंकाही घेणार नाही."

"म्हणूनच करणार नाही."

"तुझी आई असती तर?"

सासूबाई चौदा वर्षं आमच्याकडे होत्या. आमचं भांडण कधी झालं नाही, आणि गप्पाही फारशा झाल्या नाहीत. मी त्यांना अहो-जाहो करायची, त्या मला वेळेवर डबा करून द्यायच्या. माझी आई असती तर मी काय केलं असतं, ते मला खरंच माहीत नव्हतं. पण आकडे बदलले नसते एवढं माहीत होतं.

मंगळवारी मी गेले तेव्हा तक्त्याचे अकरा दिवस संपले होते, एकशे दहाच्या पुढे काही विचारायचं उरलं नव्हतं. म्हणून मी वही मिटून नुसती बसले. आणि त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

डावी बाजू पूर्ण गेली होती. उजव्या हाताचा अंगठा मात्र डोळे उघडले त्या दिवसापासून हलत होता. बोटांच्या पेरांवरून सरकायचा, थांबायचा, परत सरकायचा. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी नर्सने विचारलं, हे काय करतात? तेव्हा नवऱ्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "जप करतेय. तिला आयुष्यभराची सवय आहे. झोपेतसुद्धा चालायचा तिचा जप." पुण्याहून नणंदेने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि हात जोडले. "बघ ना वहिनी, शुद्ध नाही तरी देवाचं नाव सुटलं नाही."

नर्सने फाइलमध्ये लिहिलं: जुनी धार्मिक सवय, आपोआप होणारी हालचाल. मीही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: अंगठा, हेतू नाही, धरू नये. त्यानंतर अकरा दिवस मी त्या अंगठ्याकडे पाहिलंच नाही. आम्हीच प्रेमाने सांगितलं होतं की तो जप आहे, आणि त्यामुळे तो हिशेबातून बाद झाला होता.

मंगळवारी मला खटकलं ते असं. जप हा एका लयीत चालतो. माझी आजी करायची, मी पाहिलंय. हा अंगठा लयीत नव्हता. एका पेरावर मिनिटभर थांबायचा, मग लागोपाठ दोन पेरं पुढे, मग पुन्हा थांबायचा. करंगळीच्या तळापासून सुरुवात, एका बोटावर तीन पेरं, चार बोटांवर बारा. बारा झाली की परत करंगळीचा तळ.

मी फोनवर वेळ लावली आणि नवं पान घेतलं. एका बाजूला अंगठा सरकल्याची वेळ, दुसऱ्या बाजूला त्या क्षणी वॉर्डात काय झालं ते. पंधराएक मिनिटांत दोन्ही बाजू जुळू लागल्या. वॉर्डाच्या दाराला बटण होतं, ते दाबलं की टिर्र वाजून दार उघडायचं. दार वाजलं की एखाद्या क्षणाने अंगठा पुढच्या पेरावर जात होता.

पन्नास मिनिटांत दार तेवीस वेळा उघडलं. अंगठा सतरा वेळा सरकला. त्यातले चौदा दारामागोमाग.

घरी त्या कुकरच्या शिट्ट्या अशाच मोजायच्या. बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहत असायच्या, हात मांडीवर, आणि तिथूनच सांगायच्या, "तीन झाल्या गं, बंद कर." कधी चुकल्या नाहीत. बसमध्येही त्यांचा अंगठा चालू असायचा. थांबे मोजत असतील. मी चौदा वर्षं तो अंगठा पाहिला आणि रामनाम असेल असं धरून चालले. त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही काय मोजता.

मग मला चौदाव्या दिवशीचं माझं वाक्य आठवलं.

इथे मला खरं ते लिहिलं पाहिजे. त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मला वाटलं, ही नुसती आवाजाला दिलेली प्रतिक्रिया असू दे. दार वाजलं, स्नायू हलला, संपलं. कारण तसं नसेल तर बारा दिवस ही बाई तिथे पडून सगळं ऐकत होती. मी काय म्हणाले ते. त्यांच्या खोलीतलं कपाट कोणाला द्यायचं, त्यावर आम्ही अर्धा तास बोललो होतो ते. नळी काढली तर किती दिवस लागतात हे नवऱ्याने डॉक्टरांना त्यांच्या उशाशी विचारलं होतं ते इंग्रजीत होतं, एवढाच दिलासा. पण नंतर डॉक्टरांचं उत्तर मी त्याला तिथेच मराठीत समजावलं होतं.

मी थेरपिस्टला गाठलं आणि पान दाखवलं. तिने दोनदा वाचलं. ती प्रामाणिक मुलगी होती. म्हणाली, "छान निरीक्षण आहे. पण आवाजाला शरीर प्रतिसाद देतंच. यावरून आत कोणी मोजतंय असं मला म्हणता येणार नाही."

"मग कशावरून म्हणता येईल?"

तिने पान मला परत दिलं. "तुम्ही सांगितल्यावर ते बदललं तर."

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. "म्हणजे जप नव्हता?"

"माहीत नाही."

"मीच म्हणालो तसं. मीच त्या नर्सला सांगितलं." तो उठून सिंकपाशी गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "उद्या मी पण येतो."

"ये. पण मध्ये बोलायचं नाही."

बुधवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. मी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या जगवर पेनाने टकटक करायचं ठरवलं होतं, कारण तो आवाज दारापेक्षा वेगळा आणि हळू होता. मी वाकून त्यांच्या कानाशी गेले.

"आई, मी आहे. आता दार मोजू नका. मी जगवर वाजवीन, तेवढंच मोजा. दार वाजलं तर सोडून द्या. फक्त माझं मोजा."

अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर होता. दार वाजलं. नवऱ्याने श्वास रोखलेला मला ऐकू आला. अंगठा हलला नाही.

मी एकदा वाजवलं. काही नाही. मनात सात-आठ अंक गेले, आणि अंगठा वरच्या पेरावर गेला.

पहिल्या फेरीत मी सहा वेळा वाजवलं. चार वेळा अंगठा सरकला. त्या वेळात दार पाचदा उघडलं, तेव्हा एकदाही नाही. नवरा रडत होता आणि तोंडावर हात दाबून धरला होता, कारण मी बोलायचं नाही असं सांगितलं होतं.

दुसऱ्या फेरीत काहीच झालं नाही. डोळे मिटलेले होते. तिसरी फेरी वीस मिनिटांनी घेतली. सहापैकी पाच, आणि एकदा दारावरही. चौथ्या फेरीत पुन्हा शून्य. चोवीसपैकी नऊ.

कार पार्कमध्ये नवरा म्हणाला, "उद्या पहिली आणि तिसरी सांग."

"चारही सांगणार."

"अगं, दमली होती ती! दमलेल्या माणसाची परीक्षा धरतात का?"

"दमली होती हे आपण म्हणतोय. मला ते दिसलं नाही. मला दोन शून्यं दिसली."

"तुला कळतंय का, उद्या काय ठरणार आहे?"

"तुझ्याइतकंच कळतंय. मी दोन फेऱ्या लपवल्या आणि त्यांनी विचारलं, तर उरलेल्या दोनही खोट्या ठरतील. मग काय करशील?"

त्याने गाडीचं दार आपटलं.

गुरुवारी मीटिंग एका लहान खोलीत होती. डॉक्टर, थेरपिस्ट, ती केरळची नर्स आणि आम्ही दोघं. डॉक्टरांनी शांतपणे सुरुवात केली. स्कॅन काय सांगतं, अकरा दिवसांच्या निरीक्षणात काय आलं. "एकशे दहापैकी सहा. नोंदी अतिशय काळजीपूर्वक ठेवलेल्या आहेत," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. त्यांना माझं कौतुक करायचं होतं.

मी म्हणाले, "माझी वही चुकीची आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सांगितलं. हात दाबा, जीभ दाखवा हे सगळं मी बरोबर नोंदवलं, पण जो एक अवयव त्यांच्या ताब्यात होता तो पहिल्याच दिवशी वगळला. आमच्या कामात रीडिंग शून्य आलं तर घर रिकामं असं लिहायची परवानगी नाही. आधी मीटर तपासायचं असतं. इथे मी ते तपासलं नाही. मग मी मंगळवारचं पान वाचलं आणि बुधवारच्या चारही फेऱ्या. दोन शून्यांसकट.

डॉक्टरांनी वही आपल्याकडे ओढली. "तुमचं स्वतःचं मत काय?"

"मत देण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. तुम्ही स्वतः बघा. वाजवणारी मी नको. माझा हात मला हवं तेव्हा वाजवेल."

ते हसले नाहीत. उठले. "चला."

सूचना मी मराठीत द्यायची, आणि मग मागे सरायचं. थेरपिस्ट वाजवणार, डॉक्टर अंगठा पाहणार, नर्स दार मोजणार. मी कानाशी जाऊन तेच शब्द सांगितले. शेवटी, ठरलं नव्हतं तरी, म्हणाले, "आई, आज जमवा."

थेरपिस्टने वाजवलं. अंगठा हलला नाही. दार वाजलं. हलला नाही. दुसऱ्यांदा वाजवलं. काही नाही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, आणि मला राग आला, कारण ते बघायचं कारण नव्हतं. समोरच्या पलंगावरच्या बाई मोठ्याने खोकल्या. नवऱ्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याच्या अंगठीखाली दुखायला लागलं. तिसऱ्यांदा वाजवलं.

अंगठा सरकला. करंगळीच्या तळावरून मधल्या पेरावर.

चौथ्यांदा, वरच्या पेरावर. दार उघडून चहाची ट्रॉली खडखडत आत आली, तेव्हा तो तिथेच थांबला. पाचव्यांदा, अनामिकेवर. सहाव्यांदा, त्याच्या पुढच्या पेरावर.

नर्स म्हणाली, "दार चार वेळा." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

परत त्या खोलीत जायची गरज पडली नाही. डॉक्टर कॉरिडॉरमध्येच म्हणाले, "याला मी पुरावा म्हणणार नाही. त्यांना किती कळतं, आत काय चाललंय, हे मला सांगता येणार नाही. पण हे पाहिल्यावर मी नळी काढायला सांगू शकत नाही." सोमवारी पोटातून नळी बसवायची. सहा आठवडे थेरपी, अंगठ्याने हो आणि नाही शिकवायचा प्रयत्न. मग पुन्हा मीटिंग. "आणि जमलं," ते म्हणाले, "तर पुढच्या वेळी पहिला प्रश्न त्यांना विचारू. त्यांना हे हवंय का."

मला एक आठवलं. सासूबाई चांगल्या होत्या तेव्हा एकदा, कोणाच्या तरी आजारपणावरून, म्हणाल्या होत्या की मला असं लोळत ठेवू नका. आपण जिंकलो असं नवऱ्याच्या चेहऱ्यावर होतं. मी त्याला तेव्हा काही बोलले नाही.

आम्ही पलंगापाशी परत आलो. तो नेहमीच्या खुर्चीत बसला आणि नेहमीसारखा, पलंगावरून पलीकडे मला म्हणाला, "सोमवारची तुला सुट्टी मिळेल? आणि पुण्याला ताईला काय सांगायचं? ती जपाचंच धरून बसलीय."

"इथे नको," मी म्हणाले. "त्या ऐकतायत."

तो खुर्ची पुढे ओढून त्यांच्याकडे वळला. "आई," एवढंच म्हणाला. पुढे त्याला सुचेना. तेवीस दिवस तो तिच्याबद्दल बोलला होता, तिच्याशी काय बोलायचं ते त्याला येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. चौदाव्या दिवसाबद्दल माफी मागायची होती. पण ते माझ्या मनावरचं ओझं होतं, आणि ते आत्ताच त्यांच्यावर टाकणं मला बरोबर वाटेना.

मग माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट राहून गेलीय. पहिल्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्या चहाचा कप हातात घेऊन उभ्या होत्या. त्यानंतर त्यांना थेट कळलंय ते हे छत, हे दार आणि इंग्रजी बोलणारी माणसं. त्यांना काय झालंय, हे त्यांना मराठीत कोणी सांगितलंच नव्हतं. मी एकशे दहा सूचना दिल्या होत्या, पण त्यात एकही माहिती नव्हती.

मी त्यांचा उजवा हात हातात घेतला नाही, मोकळा राहू दिला. त्यांच्या नजरेसमोर येईल असा चेहरा धरला.

"आई, आज गुरुवार आहे," मी म्हणाले. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. तेवीस दिवस झाले. तुमच्या मेंदूत रक्तस्राव झालाय, म्हणून डावी बाजू हलत नाहीये. आता काय झालं ते मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगते. दमलात तर डोळे मिटा, मी थांबेन."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी सांगू लागले.